जांभ्याच्या तळ्यातील शेवाळ : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट 2025

12 जानेवारी 2025

मालवण आणि कुडाळ यांच्या मधल्या पट्ट्यातील एक देवळाचे तळे आम्ही कामासाठी निश्चित केले. गावाचे नाव नोंदीत येऊ नये, असे मानकऱ्यांनी परवानगी देतानाच सांगितले. तळ्याची बदनामी होईल ही त्यांची भीती रास्त आहे, म्हणून यापुढे त्याला नुसते ‘तळे’ म्हटले आहे. पूर्ण भरल्यावर त्याचे क्षेत्र सुमारे 2 हेक्टर, सरासरी खोली अडीच मीटर आणि बंधाऱ्यालगतचा डोह साडेचार मीटर आहे. वरच्या अंगाला जांभ्याचा सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, उतारावर आंबा-काजूच्या बागा, बंधाऱ्याखाली वायंगणी (उन्हाळी) भाताचे कुणगे, म्हणजे शेताचे लहान तुकडे, आणि पूर्वेला धुण्याचा घाट आहे.

काम धामापूरच्या तलावावर करावे, असा माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांचा आग्रह होता. 1530 साली बांधलेला आणि 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालेला तलाव कोणाला नको असतो? परंतु त्याच्या भोवतीच्या डोंगरांवर रान आहे, आणि आम्हाला पाहायचे आहे ते वेगळेच : माणसाच्या वावरामुळे पाण्यातील नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) वाढू लागले की शेवाळाच्या वस्तीत कोण टिकते, कोण मागे पडते आणि कोण नव्याने ठाण मांडते. या वाढीला पुस्तकात सुपोषण म्हणतात. शब्द ऐकायला शुभ वाटतो, पण तळ्याच्या दृष्टीने ते अजीर्ण असते.

पाण्याची पारदर्शकता मोजायची सेक्की चकती आम्ही अ‍ॅक्रिलिकच्या पत्र्यातून कापली, 20 सेंटीमीटर व्यासाची, चार चतकोरांपैकी दोन काळे आणि दोन पांढरे. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये समुद्रात सोडलेली चकती पूर्ण पांढरी होती. चतकोर नंतर आले. आज चकती 140 सेंटीमीटरवर दिसेनाशी झाली. कार्लसनच्या 1977 च्या सूत्रानुसार यातून पोषण-निर्देशांक, म्हणजे तळे किती सुपोषित आहे याचे माप, 55 येतो. पारदर्शकता निम्मी झाली की हा निर्देशांक 10 ने वाढतो, एवढे लक्षात ठेवले तरी घाटावर बसून अंदाज बांधता येतो.

26 जानेवारी

झेंडावंदन आटोपून दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली पहिले नमुने पाहिले. लुगोलच्या आयोडीनमध्ये टिकवलेले पाणी सेजविक-राफ्टर काचेत घेतो. तिच्यात बरोबर 1 मिलिलिटर पाणी मावते आणि रकाने मोजत पुढे सरकता येते.

पहिल्याच काचेत डेस्मिडांची, म्हणजे सुबक आकाराच्या सूक्ष्म हिरव्या शेवाळांची, दाटी होती. दोन सारख्या अर्ध्या भागांची, मधोमध चिमटलेली कॉस्मेरियम, चंद्रकोरीसारखी क्लॉस्टेरियम, हातपाय पसरलेली स्टॉरॅस्ट्रम आणि दोन ठिकाणी नक्षीदार कातरलेल्या पानासारखी मायक्रॅस्टेरियस. ही मंडळी बहुतेक करून मऊ, किंचित आम्लधर्मी आणि चुना कमी असलेल्या पाण्यात रमतात. सड्यावरून उतरणारे आमच्याकडचे पाणी तसेच असते. आजचा पीएच 6.4 होता. डेस्मिडांची विविधता टिकून असणे हे पाणी अजून फारसे बिघडले नसल्याचे लक्षण आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगितले. त्याच काचेच्या एका कोपऱ्यात युग्लिना हा एकपेशीय जीवही होता. पामरने 1969 मध्ये सेंद्रिय प्रदूषण सोसणाऱ्या प्रजातींची गुणांसह जी यादी केली, तिच्यात युग्लिना अगदी वर आहे. तो दिसल्याचे मी बोललो नाही, फक्त वहीत लिहिले.

9 फेब्रुवारी

आज तळ्यावर गेलो नाही. बागायतदारांशी बोललो आणि एक हिशेब मांडला. 15:15:15 खताच्या 50 किलोच्या गोणीत 7.5 किलो स्फुरद लिहिलेले असते, पण ते पेंटॉक्साइडच्या रूपातले असते; मूलद्रव्य म्हणून फॉस्फरस मोजला तर साधारण 3.27 किलो भरतो. तळ्यात भरलेल्या अवस्थेत 50,000 घनमीटर पाणी मावते. म्हणजे एका गोणीतला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरला, तर लिटरमागे 65 मायक्रोग्रॅमची भर पडते. एकूण फॉस्फरस 35 मायक्रोग्रॅमच्या पुढे गेला की तलाव सुपोषित गटात मोजण्याचा प्रघात आहे. सगळी गोण काही पाण्यात उतरत नाही, हे खरे. पण बागा आहेत दहा-बारा, आणि गोणी त्याहून पुष्कळ जास्त.

23 फेब्रुवारी

बाटल्यांचा प्रयोग लावला. तळ्याचे पाणी 60 मायक्रॉनच्या जाळीतून गाळून घेतले, म्हणजे शेवाळ खाणारे डॅफ्निया आणि कोपेपॉड बाहेर राहतील. दोन लिटरच्या बारा पारदर्शक बाटल्या भरल्या : तीन तशाच ठेवल्या, तीनमध्ये फक्त नत्र घातले, तीनमध्ये फक्त स्फुरद, आणि तीनमध्ये दोन्ही. फॉस्फरस लिटरमागे 50 मायक्रोग्रॅम आणि नायट्रोजन 360 मायक्रोग्रॅम घेतला. शेवाळाच्या पेशीत ही दोन मूलद्रव्ये सरासरीने ज्या प्रमाणात असतात, त्या रेडफिल्डच्या 16 अणूंना 1 अणू या हिशेबाचे हे प्रमाण आहे, वजनात ते सुमारे 7.2 ला 1 पडते. स्फुरदाचे मूळ द्रावण करण्यासाठी डायपोटॅशियम फॉस्फेट 0.562 ग्रॅम तोलून एक लिटर केले, आणि त्यातले 1 मिलिलिटर प्रत्येक बाटलीत टाकले. बाटल्या काथ्याच्या दोरीने बांबूला टांगून अर्धा मीटर खोल सोडल्या. मोठ्या विद्यार्थ्याने गाठी मारल्या त्या खलाशाच्या हाताच्या होत्या. त्याचे वडील रापणीवर जातात.

2 मार्च

प्रयोग फुकट गेला. काहीच न घातलेल्या तीन बाटल्यांपैकी दोन, स्फुरद घातलेल्यांपेक्षाही हिरव्या झाल्या. आधी मी चिठ्ठ्या बदलल्या असतील म्हणून धाकट्यावर रागावलो, आणि त्याबद्दल नंतर त्याची क्षमा मागितली. चिठ्ठ्या बरोबर होत्या. बाटल्या घरी धुऊन आणल्या होत्या, कपड्यांच्या पावडरीने. अशा पावडरीत फॉस्फेट असू शकते, आणि लिटरमागे काही मायक्रोग्रॅमांचा खेळ असताना बाटलीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला अंशही पुरेसा ठरतो. हा नियम मी दरवर्षी वर्गात सांगतो. बाटल्या कोण धुतो आणि कशाने, हे विचारायचे मात्र राहून गेले.

पुढच्या वेळी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून, ऊर्ध्वपातित पाण्याने पाच वेळा खळबळून घ्यायच्या. घाटावर रोज किती पावडर पाण्यात जाते, हा प्रश्न त्या दोन हिरव्या बाटल्यांनीच आमच्यापुढे आणून ठेवला.

16 मार्च

शिमगा. पालख्या घरोघर फिरत आहेत, विद्यार्थी आपापल्या गावी आहेत. काल संध्याकाळी मी एकट्याने जाऊन चकती सोडली : 110 सेंटीमीटर. शिमग्याआधी पुन्हा लावलेल्या बाटल्या जागेवर आहेत.

23 मार्च

या वेळी निकाल स्वच्छ आला, आणि मी धरून चाललो होतो तसा आला नाही.

काही न घातलेल्या बाटल्या जवळजवळ जशाच्या तशा राहिल्या. नुसते नत्र घातलेल्यांत डोळ्यांना फरक जाणवला नाही आणि क्लोरोफिलच्या मापनातही नाही. नुसते स्फुरद घातलेल्यांपैकी दोन किंचित हिरवटल्या. दोन्ही घातलेल्या तिन्ही बाटल्या मात्र पोपटी झाल्या, इतक्या की मागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येईना. तळ्यात स्फुरद कमी आहे, एवढेच उत्तर मला अपेक्षित होते. प्रत्यक्षात दोन्ही पोषके जवळजवळ एकाच वेळी संपत आहेत असे दिसते : एक दिले की दुसरे लगेच आडवे येते.

त्याहून महत्त्वाचे ते वस्तीत घडलेले फेरफार. दोन्ही घातलेल्या बाटल्यांत सेनेडेस्मस, क्लोरेला आणि अँकिस्ट्रोडेस्मस या लहान, झपाट्याने दुभंगणाऱ्या हिरव्या पेशींचा भरणा झाला. डेस्मिड मेले नव्हते. मोजले तेव्हा त्यांची संख्या पहिल्या दिवसाइतकीच भरली. पण जत्रेत गावातलीच माणसे दिसेनाशी व्हावीत तसे त्यांचे झाले. डायटम या गटातले शेवाळ तिसऱ्या दिवसानंतर वाढले नाही. डायटमांचे कवच सिलिकाचे असते आणि आम्ही सिलिका घातली नव्हती, तेव्हा कारण तेच असावे असे मला वाटते. नत्र-स्फुरद बाहेरून येत राहते, सिलिका त्या प्रमाणात येत नाही, आणि तलावातून डायटम हळूहळू मागे हटतात, हे मोठ्या सरोवरांमध्येही पाहिले गेले आहे.

नुसत्या स्फुरदाच्या एका बाटलीत अ‍ॅनाबीनाचे तंतू सापडले. मण्यांच्या माळेत मध्येच एक मोठा, पिवळसर, जाड भिंतीचा मणी असतो, तो हेटरोसिस्ट. हवेतला नायट्रोजन तिथे बांधला जातो. म्हणजे पाण्यात नत्र नसले तरी या नीलहरित शेवाळाचे अडत नाही. त्याला फक्त स्फुरद हवे.

इथे डेव्हिड शिंडलर यांच्या कामाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात 1973 मध्ये त्यांनी 226 क्रमांकाच्या सरोवराला मधोमध पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात तेच आणि शिवाय फॉस्फरस. फॉस्फरसाची बाजू नीलहरित शेवाळाने भरून गेली, आणि त्या दोन रंगांच्या पाण्याचे विमानातून घेतलेले छायाचित्र जगभर गाजले. शेजारच्या 227 क्रमांकाच्या सरोवरात 1969 पासून खते घालत होते. 1990 मध्ये नायट्रोजन थांबवला, तरी शेवाळ ओसरले नाही, कारण नायट्रोजन बांधणाऱ्या जातींनी तूट भरून काढली. आठवडाभर टांगलेल्या बाटलीत अशा जातींना जम बसवायला अवसरच मिळत नाही. म्हणून ‘दोन्ही हवेत’ हे आमचे उत्तर आठवड्याचे आहे. वर्षांचे उत्तर वेगळे असू शकते, आणि बाटलीवरून तळ्याचा न्याय करू नये, असे मी वहीत लाल शाईने लिहून ठेवले.

13 एप्रिल

तळे तांबडे झाले. सकाळी दहाच्या सुमारास वाऱ्याच्या आडोशाच्या कोपऱ्यात विटकरी रंगाची पातळ साय धरू लागली आणि बारापर्यंत ती घाटाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचली. घाटावर कपडे आपटणाऱ्या काकी मुळीच गडबडल्या नव्हत्या. “दुपारी तांबडा, सांजेक हिरवा. देवाचा पाणी आसा ता, मास्तरानु,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे निरीक्षण अचूक आहे. संध्याकाळी सहाला तीच साय शेवाळी हिरवी झालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली.

ती साय युग्लिना सँग्विनियाची होती. त्याच्या पेशीत लाल रंगद्रव्याचे कण असतात. ऊन तळपू लागले की ते पेशीच्या पृष्ठभागाकडे पसरून आतल्या हरितकणांवर छत्री धरतात, आणि उजेड उतरला की मध्यभागी गोळा होतात. काकींना मी सूक्ष्मदर्शकाचे छायाचित्र मोबाईलवर दाखवले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि विचारले, “ह्यो आमच्या साबणान येता काय?” मी म्हटले, साबण, शेण, पाचोळा, निर्माल्य, खत, सगळ्यानेच थोडाथोडा. हे उत्तर मलाच गुळमुळीत वाटले. पण खरे उत्तर तेच आहे.

4 मे

चकती 55 सेंटीमीटर, निर्देशांक 69.

काल रात्री आम्ही घाटावर मुक्काम केला. दुपारी तीनला पृष्ठभागावरच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 11 मिलिग्रॅम भरला. 30 अंश तापमानाला पाणी साधारण साडेसात मिलिग्रॅमपर्यंत संपृक्त होते, म्हणजे हा जादा साठा शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणाचा होता. पहाटे पाचला त्याच जागी 2.8 उरला होता. रात्री शेवाळही श्वसनच करते, हे मुलांना ठाऊक होते, पण आकडा इतका कोसळेल असे वाटले नव्हते. डोहाच्या तळाशी चार मीटरवरून आणलेल्या बाटलीत विंकलरची रसायने घातली, तेव्हा साका पांढराच राहिला. ऑक्सिजन असता तर तो तपकिरी झाला असता. आम्ही विजेरीच्या उजेडात तो पाच मिनिटे न्याहाळला. पांढराच.

उजाडल्यावर उत्तरेच्या कोपऱ्यात रंगाचा डबा सांडल्यासारखी हिरवी साय जमली होती : मायक्रोसिस्टिस. याला नायट्रोजन बांधता येत नाही, पण पेशीत वायूच्या पोकळ्या असल्यामुळे ते पाण्यात तरंगते आणि वारा पडला की पृष्ठभाग व्यापून खालच्यांचा उजेड तोडते. त्याच्या काही वाणांत यकृताला घातक असे मायक्रोसिस्टिन असते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमची मार्गदर्शक मर्यादा घातली आहे, आणि पाणी उकळून हे विष जात नाही. ऑगस्ट 2014 मध्ये अमेरिकेतील टोलेडो शहराला ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळामुळे नळाचे पाणी पिणे थांबवावे लागले होते. विषाची तपासणी आमच्या आवाक्यातली नाही. म्हणून गुरवकाकांना इतकेच सांगितले की साय असेपर्यंत त्या कोपऱ्यावर गुरे पाण्याला नेऊ नका. त्यांनी लगेच वाटेवर काटेरी फांदी आडवी घातली.

11 मे

गेले चार महिने एक कोडे सुटत नव्हते. गाळलेल्या पाण्यात मॉलिब्डेटची चाचणी केली की निळा रंग जेमतेम येतो, म्हणजे विरघळलेले फॉस्फेट नाममात्र. आणि तरी शेवाळ वाढतच आहे. एक कारण उघड आहे, आलेले फॉस्फेट शेवाळ लगेच गिळते. परंतु तळाचा तो पांढरा साका पाहिल्यापासून माझे लक्ष चिखलाकडे लागले आहे.

लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या आम्लाने धुऊन घेतल्या. प्रत्येकीत डोहातला तांबडा गाळ तीन बोटे आणि वर गाळलेले पाणी घातले. दोन बरण्यांत मत्स्यपेटीच्या पंपाने हवा सोडली. उरलेल्या दोन काठोकाठ भरून, हवेचा एकही बुडबुडा न ठेवता झाकण लावून काळ्या कापडात गुंडाळल्या.

18 मे

हवेच्या बरण्यांतला गाळ तांबडाच आहे. बंद बरण्यांतला वरून पाटीच्या दगडासारखा करडा झाला आणि काचेलगत काळे पट्टे उमटले. झाकण उघडताच कुजक्या अंड्यांचा वास आला.

पाणी सिरिंजने ओढून लगेच गाळले आणि मॉलिब्डेट घातले. हवेच्या बरण्यांतले पाणी दहा मिनिटांनीही जवळपास रंगहीन होते. बंद बरण्यांतले दुसऱ्याच मिनिटाला आकाशी झाले आणि पाचव्याला शाईसारखे गडद. धाकट्याने नकळत शिटी वाजवली.

जांभा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांनी लाल झालेली माती. ऑक्सिजन असेतोवर हे लोह फॉस्फेटला घट्ट धरून ठेवते. ऑक्सिजन संपला की लोहाचे रूप पालटते, ते विरघळते आणि धरलेले फॉस्फेट सोडून देते. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये मॉर्टिमरने 1941-42 मध्ये हे दाखवून दिले होते. आमच्या तळ्याला ते अधिकच लागू पडते, कारण इथे लोहाची कमतरता नाही. वर्षानुवर्षे बागांतून आणि घाटावरून आलेले स्फुरद हा तांबडा गाळ निमूटपणे पोटात घेत आला, आणि म्हणूनच पाण्याची चाचणी दरवेळी ‘ठीक’ म्हणत राहिली. शेवाळ वाढले की ते मरून तळाशी जाते, कुजताना ऑक्सिजन खाते, आणि गाळ आपले कुलूप उघडतो. त्यातून पुन्हा शेवाळ. तळ्याची तब्येत पाण्यातल्या फॉस्फेटवरून ठरवणे म्हणजे सावकाराची श्रीमंती त्याच्या खिशातल्या सुट्या पैशांवरून ठरवण्यासारखे आहे.

एक खबरदारी नोंदवून ठेवतो. बंद बरणीतले न गाळलेले पाणी चंचुपात्रात उघडे राहिले होते. अर्ध्या तासात त्यात गंजाच्या रंगाचे कण तरंगू लागले, आणि त्या पाण्याला मग निळा रंग फिकाच आला. हवा लागताच लोहाने फॉस्फेट पुन्हा पकडले. तळाचे नमुने घाटावरच गाळले नाहीत, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते खोटे बोलू लागतात.

26 मे

मोसमी पाऊस कालच, 25 मे रोजी, देवगडपर्यंत पोचला, नेहमीपेक्षा दहाएक दिवस आधी. उन्हाळ्याच्या शेवटच्या आठवड्याचे, म्हणजे सर्वांत दाट शेवाळाचे नमुने राहिले. दु:ख आहे, इलाज नाही.

29 जून

चकती 30 सेंटीमीटर. सूत्रात घातले तर निर्देशांक 77 येतो आणि तळे मे महिन्यापेक्षाही बिघडलेले ठरते. पण ही अपारदर्शकता सड्यावरून आलेल्या मातीची आहे. क्लोरोफिल जानेवारीपेक्षाही कमी आहे. कोकणात या निर्देशांकाचा चकतीचा भाग पावसाळ्यात वापरूच नये, असे माझे मत झाले आहे. सांडव्यावरून पाणी धो धो वाहते आहे आणि शेवाळाला दुभंगायला वेळ मिळण्याआधीच ते कुणग्यांत उतरते आहे. बागांना खते घालण्याचे दिवसही हेच आहेत, तेव्हा येणारे आणि जाणारे यांतले तळाशी किती बसले, ते पुढच्या उन्हाळ्यातच कळेल.

31 ऑगस्ट

पाच दिवसांचे गणपती आज गेले. दीड दिवसांचे गुरुवारी गेले होते. मूर्ती बहुतेक शाडूच्या होत्या. निर्माल्य या वर्षी घाटावरच्या कुंडात जमा केले, ही मानकऱ्यांची स्वतःची सूचना.

चकती 120 सेंटीमीटर. डेस्मिड परतले आहेत, पण सगळे नाहीत. कॉस्मेरियम भरपूर, क्लॉस्टेरियम बरे, स्टॉरॅस्ट्रम तुरळक. मायक्रॅस्टेरियस पंधरा काचा पाहूनही सापडले नाही. एका वर्षावरून ते गेले असे म्हणता येणार नाही.

आरतीनंतर देवळाच्या मांडावर बरण्या ठेवून सगळ्यांना प्रयोग दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात तळ्याचा गाळ काढून बागांत आणि कुणग्यांत टाकायचा विचार गावात आधीपासून आहेच. मी एवढेच सुचवले की डोहातला वरचा हातभर थर आधी काढावा, कारण साठलेले स्फुरद मुख्यतः तिथे असेल, आणि तो तळ्याच्या वरच्या उतारावर न टाकता बंधाऱ्याखाली टाकावा, नाहीतर पहिल्याच पावसात तो परत येईल. धुण्याच्या घाटाचे सांडपाणी पन्हळीने खालच्या माडांच्या आळ्यांत सोडायचे काकींनी मनावर घेतले आहे. पन्हळीला उतार पुरेल का, हे पाहायला गुरवकाका उद्या सकाळी पाण्याची नळी घेऊन येणार आहेत, आणि मी मोजपट्टी.